पार्ट एक, शेड चार: कास्टिंगचं मॉडेल सगळ्यांनी मिळून कसं वापरायचं

कोल्हापुरात कास्टिंगचा, म्हणजे वितळलेला धातू साच्यात ओतून पार्ट करायचा, जॉब एका छताखाली क्वचितच पुरा होतो. पॅटर्न (ज्याच्यावरून साचा, म्हणजे मोल्ड, उठवतात तो नमुना) उद्यमनगरात, ओतकाम शिरोलीत, मशिनिंग गोकुळ शिरगावात नाहीतर कागलच्या फाइव्ह स्टार एमआयडीसीत आणि कस्टमर पुण्याकडचा. चार मालक, चार कॉम्प्युटर. कस्टमरचं ड्रॉइंग पीडीएफ होऊन येतं, त्याचा फोटो व्हॉट्सॲपवर फिरतो आणि प्रत्येक शेडमधला पोरगा त्यावरून कॉम्प्युटरवर आपापलं थ्रीडी मॉडेल नव्यानं काढतो. पार्ट एकच, मॉडेलं चार, आणि चारही जरा जरा वेगळी. भांडण सुरू होतं ते सीएमएमच्या, म्हणजे मापं तपासणाऱ्या मशिनच्या, रिपोर्टवर. तोवर कास्टिंग ओतून झालेली असतात.

मी शिरोलीतल्या एका फाउंड्रीत डेव्हलपमेंट बघते. नवा पार्ट आला की कस्टमरच्या पहिल्या मेलपासून पीपीएपीवर, म्हणजे कस्टमरच्या पार्ट मंजुरीच्या कागदांवर, सही होईपर्यंत तो माझ्या टेबलावर असतो. इथं लिहिलंय ते आमच्यासारख्या शेडसाठी आहे, जिथं महागडं पीएलएम (सगळ्या मॉडेलांचा आणि बदलांचा हिशोब ठेवणारं) सॉफ्टवेअर घ्यायचा प्रश्नच येत नाही. उदाहरणाला एक बेअरिंग हाऊसिंग धरू: एफजी २६० (ग्रे आयर्नची, म्हणजे बिडाची, एक प्रत), लांबी ४१२ मिमी, फिनिश वजन साधारण १८ किलो, मधे बोअर (मशिन करायचं मोठं गोल भोक), चार पाय, आत एक कोअर (पोकळी राहावी म्हणून मोल्डमध्ये बसवायचा गाभा).

आलेल्या मॉडेलची आधी झडती घ्या

कस्टमरकडून टूडी ड्रॉइंग आणि थ्रीडी मॉडेल दोन्ही मागवा आणि त्याच मेलमध्ये विचारा: दोन्हीत फरक निघाला तर खरं कुठलं धरायचं? उत्तर लेखी घ्या. फोनवर ‘तेच ते आहे हो’ असं सांगतात, पण ड्रॉइंग सी रिव्हिजनचं आणि मॉडेल बी रिव्हिजनचं, हे नेहमीचं दुखणं आहे.

मॉडेल स्टेप फॉरमॅटमध्ये मागा. हे आयएसओ १०३०३ या मानकातलं आहे, १९९४ पासून चालत आलंय आणि जवळजवळ सगळी सॉफ्टवेअर ते उघडतात. त्याचे प्रकार असतात: एपी २०३ मध्ये मुख्यतः आकार येतो, एपी २१४ मध्ये रंगही येतात आणि २०१४ साली आलेल्या एपी २४२ मध्ये मापं आणि टॉलरन्ससुद्धा (मापात चालणारा फरक) मॉडेललाच चिकटवून पाठवता येतात. फक्त घेणाऱ्याच्या सॉफ्टवेअरला ते वाचता आलं पाहिजे. एसटीएल फाइल आली तर परत पाठवा. ती नुसती त्रिकोणांची जाळी असते, त्यात मिमी की इंच हेसुद्धा लिहिलेलं नसतं. प्रिंटरला ठीक आहे, मूळ मॉडेल म्हणून तिचा उपयोग नाही.

मग वजन काढा. पाच मिनिटांचं काम आहे आणि सगळ्यात जास्त चुका इथंच सापडतात. आपल्या हाऊसिंगचं आकारमान सॉफ्टवेअर २५५० घन सेंमी दाखवत असेल, तर ग्रे आयर्नच्या ७.१५ घनतेनं वजन १८.२ किलो. ड्रॉइंगच्या चौकटीत १९.५ लिहिलं असेल तर कुठंतरी एखादी रिब (आधाराची पट्टी) नाहीतर बॉस (भोकाभोवतीचा उंचवटा) कमी आहे, किंवा जुन्या रिव्हिजनचं वजन तसंच राहिलंय. दोन्हीही विचारण्यासारखंच आहे.

आटे असलेली भोकं वेगळी बघा. एम १२ चं भोक मॉडेलमध्ये कोण १०.२ काढतं, म्हणजे टॅपच्या आधीचं ड्रिल, आणि कोण थेट १२ काढतं. स्टेपमध्ये सहसा आटे येत नाहीत, साधं गोल भोक येतं. मशिन शॉपचा प्रोग्रॅमर त्या गोलावरून ड्रिल निवडतो. मॉडेलमध्ये १२ असेल आणि कुणी बोललं नसेल तर टॅप कशात मारणार? तसंच एकतर्फी टॉलरन्सचं. बोअर ६० अधिक ०.०५, उणे शून्य असं असलं तरी मॉडेलमध्ये बहुधा नुसतं ६० असतं. प्रोग्रॅम मात्र ६०.०२५ ला धरायला पाहिजे. अशा जागांची यादी करा आणि ती मॉडेलबरोबरच पुढं द्या.

एकातून दुसरं, दुसऱ्यातून तिसरं

एका पार्टची तीन रूपं असतात. फिनिश मॉडेल म्हणजे कस्टमरला शेवटी हवं ते. त्यावर मशिनिंगचा स्टॉक (कापून काढायचा जास्तीचा धातू), ड्राफ्ट (पॅटर्न मोल्डमधून सुटावा म्हणून दिलेला उतार) आणि फिलेट (कोपऱ्यातली गोलाई) चढवले की कास्टिंग मॉडेल. त्यावर कॉन्ट्रॅक्शन (धातू थंड होताना आकसतो त्याची भर), पार्टिंग (मोल्डचे दोन अर्धे मिळतात ती रेघ) आणि कोअर प्रिंट (कोअर टेकवायची जागा) आले की पॅटर्न मॉडेल. दिशा कायम हीच. पॅटर्नवर काहीतरी बदललं म्हणून तिथूनच मागं यायचं नाही. बदल ज्या रूपाचा आहे त्या रूपात करायचा आणि तिथून पुढं उतरवायचा.

ही तिन्ही मॉडेलं एकाच ठिकाणी तयार व्हावीत. माझ्या मते ते ठिकाण फाउंड्री. पॅटर्नवाल्याला मशिनिंग दिसत नाही, मशिनवाल्याला मोल्ड दिसत नाही, फाउंड्री दोघांच्या मधे बसलेली असते. शिवाय स्टेप फाइल एका सॉफ्टवेअरमधून दुसऱ्यात गेली की तिचा इतिहास पुसला जातो, कुठल्या मापावर काय अवलंबून होतं ते राहत नाही. तिघांनी तीन ठिकाणी वेगवेगळं काढलं की दुवा तुटलाच.

कॉन्ट्रॅक्शनवर जरा थांबते. माझे वडील उद्यमनगरात लाकडी पॅटर्न करायचे. त्यांच्याकडं एक वेगळी पट्टी होती, कॉन्ट्रॅक्शनची. त्यावरचा १०० मिमी खरं तर १०१ मिमी भरायचा, कारण ग्रे आयर्न थंड होताना साधारण १ टक्का आकसतं. स्टीलची पट्टी निराळी, २ टक्क्यांची. हिशोब करायचाच नाही, ड्रॉइंगचं माप त्या पट्टीवर घ्यायचं. साधी पट्टी त्या बाकावर ठेवायलासुद्धा परवानगी नव्हती. आज ती पट्टी सॉफ्टवेअरमधली एक स्केल कमांड झाली आहे आणि ती दिली की नाही हे डोळ्यांना दिसत नाही.

म्हणून होतं काय, की फाउंड्रीनं १.०१ नं मोठं करून मॉडेल पाठवलेलं असतं आणि पॅटर्नवाला सवयीनं परत १.०१ देतो. आपल्या ४१२ चे ४१६.१ व्हायला पाहिजेत, ते ४२०.३ होतात. चार मिलिमीटर जास्त, दोन टोकांना दोन-दोन, आणि ते मशिनिंगच्या स्टॉकमध्ये लपून जातात. पहिला सुगावा लागतो तो वजनकाट्यावर. तिन्ही बाजूंनी १ टक्का म्हणजे वजनात ३ टक्के, २२ किलोचं कास्टिंग साडेबावीसच्या वर जातं. आमचे पॅटर्नवाले अजूनही काम लावायच्या आधी फोन करतात, “ताई, कॉन्ट्रॅक्शन धरलंय न्हवं?” मला तो फोन आवडतो, पण उत्तर फाइलच्या नावातच असावं. ‘पॅटर्न, १.०१ धरलेलं’ असं स्पष्ट. कास्टिंग मॉडेलच्या नावात ‘कॉन्ट्रॅक्शन नाही’.

ड्राफ्टचंही ठरवून घ्या. एक-दोन अंश तर द्यावाच लागतो, पण तो धातू वाढवून द्यायचा की कमी करून? वाढवला तर वजन वाढतं, जोडणीत अडू शकतं. कमी केला तर भिंत बारीक होते. हे कस्टमरनं सांगायचं असतं. त्यानं नाही सांगितलं तर कास्टिंग मॉडेलच त्याला मंजुरीसाठी पाठवा. चित्र बघून माणूस लवकर उत्तर देतो.

सहा जागा

सगळ्या गाइडमधलं एकच काम करणार असाल तर हे करा.

कास्टिंग पहिल्यांदा मशिनवर चढतं तेव्हा त्याला एकही मशिन केलेला फेस नसतो. मग ते कशावर टेकवायचं? कच्च्या पृष्ठभागावरच्या सहा जागांवर: तळाला तीन, एका बाजूला दोन, टोकाला एक. पार्ट कुठं बसला हे त्या सहा जागांनी पुरतं ठरतं. गंमत अशी की पॅटर्न तपासणारा, फिक्चर (पार्ट मशिनवर पकडून ठेवणारी चौकट) करणारा आणि सीएमएमवाला आपापल्या सोयीनं वेगवेगळ्या सहा जागा निवडतात, आणि तिघांचेही रिपोर्ट खरे असूनही एकमेकांशी जुळत नाहीत.

या जागा कास्टिंग मॉडेलमध्येच काढा. आम्ही १० मिमी व्यासाचे हिरवे गोल काढतो आणि नावं देतो: ए१, ए२, ए३, बी१, बी२, सी१. मशिन होणारे फेस लाल, बाकी करडं. एपी २१४ किंवा एपी २४२ मधून पाठवलं तर रंग सहसा टिकतात, तरी पलीकडं एकदा उघडून बघायला सांगा आणि गोलांच्या जागांची मापं टूडीवरही द्या.

जागा निवडताना चार गोष्टी बघा. सहाही शक्यतो मोल्डच्या एकाच अर्ध्यात असाव्यात, म्हणजे कोप-ड्रॅग (मोल्डचा वरचा आणि खालचा अर्धा) सरकले तरी एकमेकांशी त्यांचं नातं तुटत नाही. पार्टिंग लाइनवर नकोत, तिथं फ्लॅश (फटीतून निघालेला पातळ धातू) असतो आणि फेटलिंगवाला (कास्टिंग घासून साफ करणारा) रोज वेगळं घासतो. रायझरच्या (आकसण भरून काढणाऱ्या जास्तीच्या धातूच्या) मानेवर नाहीतर गेटच्या (धातू आत शिरायच्या वाटेच्या) जागी नकोत, तिथं मिलिमीटर-दोन मिलिमीटर खूण राहतेच. आणि एकमेकांपासून होता होईल तेवढ्या लांब असाव्यात.

पाचवी गोष्ट माणसांची आहे. फिक्चर करणाऱ्याला पॅटर्न कापायच्या आधी बोलवा. गोकुळ शिरगावचे आमचे मशिन शॉपवाले या हाऊसिंगसारख्याच एका जॉबला मॉडेल फिरवून फिरवून बघत होते. म्हणाले, “मॅडम, बी२ ला आमचा क्लॅम्प बसत न्हाई, पायाला आडवतोय. जरा हिकडं सरकवा की.” बी२ पंधरा मिमी सरकवला. मॉडेलमध्ये ते माऊसच्या दोन क्लिकचं काम होतं. पॅटर्न कापून, फिक्चर ओतून झाल्यावर हेच समजलं असतं तर त्यांनी फिक्चरमध्ये आपली सातवी जागा शोधली असती आणि मला ती कधीच कळली नसती.

नाव, रिव्हिजन आणि फोल्डर

‘फायनल’, ‘फायनल नवीन’, ‘फायनल सरांनी सांगितलेलं’. या नावाच्या फाइली तुमच्याकडंही असतील, नाही म्हणू नका.

नावाचे चार तुकडे पुरतात: पार्ट नंबर, कस्टमरची रिव्हिजन, रूप (फिनिश, कास्टिंग की पॅटर्न) आणि आपला अंतर्गत अनुक्रमांक. कस्टमरची रिव्हिजन सीच आहे, पण आपण फिलेट बदलला, तर अनुक्रमांक ०३ चा ०४ होतो. जुनी फाइल पुसायची नाही, ‘जुनं’ फोल्डरमध्ये टाकायची. चालू फोल्डरमध्ये एका रूपाची एकच फाइल दिसली पाहिजे. लिहायचा हक्क एकाच माणसाला, बाकी सगळ्यांना फक्त बघायचा. एवढ्यासाठी साधं क्लाउड फोल्डर भागतं, आणि ज्याच्याकडं सॉफ्टवेअरचं लायसन नाही त्याला फ्रीकॅड फुकट मिळतं, स्टेप उघडून मापं घेण्यापुरतं ते उत्तम आहे.

व्हॉट्सॲप बंद करायच्या भानगडीत पडू नका, होणार नाही. नियम एवढाच ठेवा की ग्रुपवर फाइल टाकायची नाही, लिंक टाकायची. फोटो खुशाल टाका, पण पार्ट नंबर आणि रिव्हिजन लिहून.

कागदाची गोष्ट वेगळी. मशिनपाशी लावलेला तेलकट प्रिंट हा सगळ्यात चिवट डेटा असतो. जुना प्रिंट हातात परत आल्याशिवाय नवा द्यायचा नाही. आणि टूडी प्रिंट त्याच मॉडेलमधून काढलेला हवा, कुणी ऑटोकॅडमध्ये वेगळा आखलेला नको.

आता धातूतली रिव्हिजन. पॅटर्नवर हीट नंबर (एका वेळी वितळवलेल्या धातूच्या खेपेचा नंबर) आणि तारखेशेजारी रिव्हिजनच्या अक्षराचा एक छोटा बदलता इन्सर्ट बसवा. कास्टिंगवरच ‘सी’ उमटतं. यार्डात दोन रिव्हिजनची कास्टिंगं मिसळली, की कॉम्प्युटरकडं न पळता हातात उचलून सांगता येतं. पॅटर्नवाले या इन्सर्टचे जास्तीचे पैसे फारसे मागत नाहीत. पण कोअर बॉक्सलाही एक हवा हे विसरतात, आठवण करा.

बदल आला की

कस्टमरचा बदल येतो तेव्हा पत्रात एक ओळ असते: ‘बॉसची उंची ३ मिमीनं वाढवली.’ त्या ओळीवर विसंबू नका. नवं आणि जुनं मॉडेल एकावर एक ठेवा, नव्यातून जुनं वजा करा, मग जुन्यातून नवं. जे उरतं तो खरा बदल. बॉसबरोबर कधी कधी पलीकडच्या रिबचा फिलेटही बदललेला सापडतो, ज्याचा पत्रात उल्लेखच नसतो. त्यांच्या डिझायनरनं जाता जाता केलेला असतो. तोच नेमका कोअरमध्ये जातो.

मग यादी: पॅटर्न, कोअर बॉक्स, यार्डातली कास्टिंगं, अर्धी मशिन झालेली, फिक्चर, सीएनसी प्रोग्रॅम, सीएमएम प्रोग्रॅम, गेज, बलून ड्रॉइंग (प्रत्येक मापाला गोलात नंबर दिलेलं ड्रॉइंग). प्रत्येकापुढं ‘बदल लागतो’ किंवा ‘लागत नाही’ आणि जबाबदार माणसाचं नाव. तयार माल वापरायचा की मोडीत काढायचा, हे कस्टमरकडून लेखी घ्या. आणि नवी रिव्हिजन कुठल्या हीटपासून सुरू झाली तो नंबर नोंदवा. पुढं कधी तक्रार आली तर शोध तिथूनच सुरू होतो.

बलून ड्रॉइंगवरचे नंबर एकदा दिले की बदलायचे नाहीत. १७ नंबरचा बलून कंट्रोल प्लॅनमध्ये १७, मशिन शॉपच्या रिपोर्टमध्ये १७, सीएमएमच्या प्रिंटमध्येही १७. नवीन माप आलं तर शेवटी नवा नंबर. एखादं माप रद्द झालं तर तो नंबर रिकामा राहू दे.

मोठ्यांचंही यात चुकतं, वाईट वाटून घेऊ नका. एअरबसच्या ए३८० विमानाच्या वेळी जर्मनी आणि स्पेनमधली मंडळी कॅटिया या डिझाइन सॉफ्टवेअरची जुनी आवृत्ती वापरत होती, फ्रान्स आणि ब्रिटनमधली नवी. वायरिंगची बंडलं विमानात बसवायला घेतली तेव्हा ती जागेवर पुरेनात. २००६ साली डिलिव्हरी लांबल्याचं जाहीर करावं लागलं.

शेडमधून मॉडेलकडं परत

डेटा खाली पाठवायला सगळे तयार असतात, वर परत कोणी पाठवत नाही. पॅटर्नवाला मोल्ड सुटेना म्हणून कोपरा घासतो, कुठं लांबी भरतो. काम चालतं. दोन वर्षांनी पॅटर्न झिजला की नवा कापायला जुनंच मॉडेल जातं आणि तोच कोपरा परत अडकतो. म्हणून पॅटर्नला हात लावला की फोटो, जागा आणि किती मिमी, एवढं त्याच दिवशी ग्रुपवर. मी आठवड्यातून एकदा ते मॉडेलमध्ये उतरवते. त्यांना फॉर्म भरायला लावला असता तर एकही आला नसता.

पहिल्या सँपलचं स्कॅनिंग करून घेत असाल तर लॅबला आधीच सांगा: जुळवणी सहा जागांवर करा, बेस्ट फिटवर नको. बेस्ट फिटमध्ये सॉफ्टवेअर सगळा फरक सगळीकडं वाटून टाकतं. बोअरचा कोअर २ मिमी सरकलाय असं धरा, आणि स्टॉक ३ मिमी आहे. सहा जागांवर बसवलं तर सरळ दिसतं की एका बाजूला १ मिमी उरलाय आणि दुसऱ्या बाजूला ५. बेस्ट फिटचं चित्र मात्र हिरवंगार, पिवळसर, छान. रिपोर्ट देखणा, आणि पुढं कोअर आणखी सरकला की बोअरमध्ये काळा डाग (मशिन न झालेला कच्चा भाग) राहिलेला पार्ट मशिनवरून उतरतो.

याच मापांवरून खरं कॉन्ट्रॅक्शनही कळतं. लांबीला १ टक्का धरलं होतं, पण आतल्या कोअरनं आकसण अडवली म्हणून आडव्या दिशेला कमीच भरलं, असं बऱ्याचदा होतं. मग दोन दिशांना दोन वेगळे आकडे. हा आकडा त्या पार्टच्या फोल्डरमध्ये लिहून ठेवा. तशाच आकाराचा पुढचा जॉब आला की तो तुमचाच अनुभव असतो, पुस्तकातला नसतो.

प्रोग्रॅमरला कास्टिंग मॉडेल आणि फिनिश मॉडेल दोन्ही द्या. एक कच्चा माल, एक लक्ष्य. टूल हवेत फिरण्याचा वेळ वाचतो.

कोणाला काय द्यायचं नाही

सगळ्यांना सगळं द्यायचं, असा याचा अर्थ नाही. गेटिंग-रायझरचं मॉडेल फाउंड्रीची मिळकत आहे, मशिन शॉपला त्याची गरज नाही. फक्त रायझरची मान कुठं होती ते त्यांना कळलं पाहिजे. कस्टमरबरोबर गुप्ततेचा करार असेल तर पुढच्या तिघांकडूनही तसाच कागद घ्या, आणि मॉडेल कुणाच्या खासगी मेलवर जाऊ देऊ नका.

बॅकअपचं आपल्याकडं सांगायला लागू नये. ऑगस्ट २०१९ मध्ये आणि परत जुलै २०२१ मध्ये पंचगंगेचं पाणी शिरोलीपाशी हायवेवर आलं, रस्ता बंद पडला. शेड कोरडी असली तरी शेडपर्यंत पोचता येत नव्हतं. एक प्रत ऑफिसात, एक क्लाउडवर, एक नदीच्या पल्याड कुणाच्या तरी घरी हार्ड डिस्कवर. आणि मूळ सॉफ्टवेअरच्या फाइलीशेजारी स्टेपची प्रत ठेवाच. लायसन संपलं की मूळ फाइल उघडत नाही, आणि स्पेअरची मागणी मात्र येत राहते.

जुन्या पॅटर्नचं काय?

ज्यांचं मॉडेलच नाही असे लाकडी पॅटर्न प्रत्येक फाउंड्रीच्या माळ्यावर आहेत. सगळ्यांचं एकदम मॉडेल करायला बसू नका, कधीच संपणार नाही. रिपीट ऑर्डर येईल तेव्हा त्या एकाचं करा. पॅटर्न आणि एक चांगलं कास्टिंग दोन्ही स्कॅन करा. स्कॅनची जाळी म्हणजे मॉडेल नव्हे. तिच्यावर बेतून मॉडेल नव्यानं काढावं लागतं, आणि ७९.६ दिसलं तर मूळ ८० होतं का हे ठरवावं लागतं. ते ठरवायला तो पार्ट वर्षानुवर्षं मशिन करणारा माणूस शेजारी बसवा. कुठलं माप खरं लागतं आणि कुठलं नुसतंच तिथं आहे, हे त्याला तोंडपाठ असतं.